मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा तास का?

सांगलीकर

नमस्कार मंडळी. माझे आईवडील ऑक्टोबरच्या अखेरीस प्रथमच अमेरिकेला, न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीकडे जाणार आहेत आणि फेब्रुवारीत परतणार आहेत. वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे, तर आईच्या गुडघ्यांमुळे तिला फार वेळ एका जागी बसवत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी सहज विचारले, "सलग किती तास बसावे लागेल?" या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर मला देता आले नाही.

एका संकेतस्थळावर मुंबई आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांतील अंतर १२,५५० किलोमीटर दिले असून उड्डाणाचा वेळ चौदा तास सांगितला आहे. दुसऱ्या ठिकाणी ७,८०० मैल, तर तिसऱ्या ठिकाणी ६,७८० मैल असा आकडा आहे. तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी जे वेळापत्रक दाखवले, त्यानुसार विमान मुंबईहून रात्री दीड वाजता सुटते आणि त्याच तारखेला सकाळी आठ वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. ते म्हणतात की प्रवास सोळा तासांचा आहे. मी साडेदहा तासांचा फरक धरून हिशेब केला, तर सतरा तास येतात. परतीचे विमान दुपारी बारा वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मुंबईला येते, म्हणजे साडेचौदा तास. अंतर जर तेच, तर जाताना आणि येताना दीड तासाचा फरक कसा पडतो? पृथ्वी फिरते म्हणून असे होते का? आणि मध्ये दुबई किंवा लंडन येथे थांबा घेतला, तर अंतर फार वाढेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भूगोलशिक्षक

सांगलीकर, प्रथम अंतराबद्दल लिहितो. आपल्याला मिळालेले तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, तर विमाने आणि जहाजे वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. १२,५५० किलोमीटरला पहिल्याने भागले की सुमारे ७,८०० येतात आणि दुसऱ्याने भागले की सुमारे ६,७८०. संकेतस्थळे पुष्कळदा नुसते "मैल" लिहून मोकळी होतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

आता हे १२,५५० किलोमीटर कोणत्या वाटेने मोजलेले आहेत, ते पाहण्यासाठी घरातला किंवा जवळच्या शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, असे मी सुचवीन. शिवणाचा दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरे न्यूयॉर्कवर टेकवा आणि दोरा हळूहळू ताणत जा. दोरा सैल असेपर्यंत तो अरबस्तान आणि सहारा वाळवंटावर रेंगाळतो. पण जसजसा ताण वाढतो तसतसा तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि पुरता ताणला की एका जागी स्थिर होतो. तो कुठून जातो हे नीट पाहा. मुंबईहून वायव्य-उत्तरेकडे निघून तो सिंध ओलांडतो, अफगाणिस्तानातील कंदाहारजवळून आणि तुर्कमेनिस्तानवरून कझाकस्तानच्या पश्चिम भागात शिरतो, मॉस्को आणि हेलसिंकी यांना जवळजवळ स्पर्श करतो, आइसलँडवरून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला वळसा घालतो आणि कॅनडाच्या पूर्व भागातून न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि न्यूयॉर्क सुमारे ४१ अंशांवर आहे. तरीही ही सर्वांत जवळची वाट वाटेत जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र हीच वाट मोठ्या कमानीसारखी दिसते आणि लोकांना वाटते की विमान उगाच वर जाऊन खाली येते. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ ओढली जाईल, ती प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, म्हणजे कमानीपेक्षा तब्बल सोळाशे किलोमीटरहून अधिक. पस्तीस वर्षे वर्गात हा दोऱ्याचा प्रयोग करताना मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य मी पाहिले आहे, ते आपल्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरही दिसेल अशी माझी खात्री आहे. विमानातल्या समोरच्या पडद्यावर त्यांना मार्गाची कमान दिसणारच आहे. तिचा अर्थ आधी माहीत असला, तर प्रवास अधिक ओळखीचा वाटेल.

आपल्या पृथ्वीच्या फिरण्याच्या प्रश्नाबद्दल मी नंतर लिहितो. वेळेचे उत्तर या धाग्यावर माझ्यापेक्षा चांगले देऊ शकणारे एक सदस्य आहेत; त्यांनी लिहावे अशी विनंती.

सांगलीकर

सर, मनापासून आभार. शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणून काल रात्री वडिलांसमोर दोरा ताणून पाहिला. वडिलांनी स्वतः चष्मा लावून दोऱ्याखालची गावे वाचली आणि मॉस्को पाहून ते थक्कच झाले. त्यांचा पुढचा प्रश्न मी जसाच्या तसा मांडतो : विमान खरोखर या दोऱ्यावरून जाते का?

उड्डाणनियोजक

सांगलीकर, आपल्या वडिलांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी वैमानिक नाही. पण एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन कक्षात, ज्याला आम्ही डिस्पॅच म्हणतो, बावीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. प्रत्येक लांबच्या उड्डाणापूर्वी काही तास आधी त्या दिवसाचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवणे हे आमचे काम असे. त्या अनुभवावरून सांगतो की दोऱ्याची वाट ही केवळ तुलनेसाठी असते आणि तिच्यावरून तंतोतंत गेलेले मुंबई–न्यूयॉर्क उड्डाण माझ्या पाहण्यात नाही.

याचे पहिले कारण देशांच्या हवाई हद्दींचे आहे. अफगाणिस्तानची हद्द ऑगस्ट २०२१ पासून बहुतेक विमान कंपन्यांनी टाळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर रशियाने युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपली हद्द बंद केली. भारतीय कंपन्यांना ती बंद झाली नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आपली हद्द बंद ठेवली होती आणि २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद केली. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना याचा जबर फटका बसला, कारण त्यांना आधी दक्षिणेकडे येऊन मग पश्चिमेला वळावे लागते. मुंबईचे तसे नाही. मुंबईहून निघालेले विमान सरळ अरबी समुद्रावर जाऊन मस्कतच्या बाजूने आणि पुढे तुर्कस्तान, मध्य युरोप असे जाऊ शकते. मस्कत आणि इस्तंबूल ही दोन ठिकाणे मध्ये धरून मोजले, तर एकूण अंतर सुमारे १३,००० किलोमीटर होते, म्हणजे दोऱ्यापेक्षा साडेचारशे किलोमीटर जास्त. हे अंतर कापायला विमानाला अर्धा तास पुरतो. त्यामुळे अंतर वाढल्याने वेळ वाढतो हे खरे असले, तरी आपण विचारलेल्या दीड तासाच्या फरकाचे मुख्य कारण ते नाही.

मुख्य कारण वारा आहे. आपण सांगलीचे आहात, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. कृष्णेला भरपूर पाणी असताना आयर्विन पुलाच्या बाजूने प्रवाहाबरोबर होडी वल्हवणे आणि त्याच बळाने प्रवाहाविरुद्ध वल्हवणे यांत काय फरक पडतो, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. वल्ह्याचा जोर तोच असतो, काठावरची झाडे मात्र एकदा भराभर मागे पडतात आणि एकदा जागची हलत नाहीत. विमानाचेही तसेच आहे. मोठे जेट विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. हवा स्वतः पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेला जाणाऱ्या विमानाच्या वेगात तिचा वेग मिळतो आणि पश्चिमेला जाणाऱ्याच्या वेगातून वजा होतो. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जे अरुंद आणि वेगवान पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या काळात न्यूयॉर्कहून लंडनला जाणारे एक प्रवासी विमान पाच तासांहून थोड्या कमी वेळात पोहोचले होते. एरवी त्या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास वेळ लागतो.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून आकडे मांडतो. समजा अंतर १२,६०० किलोमीटर आहे आणि वारा नाही, तर ताशी ९०० किलोमीटरने प्रत्येक खेपेला १४ तास लागतील. आता संपूर्ण वाटेवर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे असे धरा. येताना वेग १,००० होतो आणि १२ तास ३६ मिनिटे लागतात, म्हणजे ८४ मिनिटे वाचतात. जाताना वेग ८०० होतो आणि १५ तास ४५ मिनिटे लागतात, म्हणजे १०५ मिनिटे वाढतात. वारा तोच, पण तोटा फायद्याहून मोठा, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते. प्रत्यक्षात वारा सर्व वाटेवर सारखा नसतो आणि सरासरी परिणाम पुष्कळदा यापेक्षा कमी असतो. तरी फरकाचे स्वरूप हेच.

म्हणून आमच्या कक्षात दोरा नव्हे, तर वाऱ्याचा नकाशा टेबलावर असे. अटलांटिक महासागरावर तर वाटाच दिवसातून दोनदा नव्याने आखल्या जातात : युरोपकडून अमेरिकेकडे जाणाऱ्या दिवसाच्या वाटा आणि अमेरिकेकडून येणाऱ्या रात्रीच्या वाटा. शॅनविक आणि गँडर ही दोन नियंत्रण केंद्रे त्या दिवसाची जेट स्ट्रीम कुठे आहे हे पाहून त्या ठरवतात. येणाऱ्या विमानांना प्रवाहात घालायचे आणि जाणाऱ्यांना प्रवाहाबाहेर काढायचे, असा त्यामागचा विचार असतो. लांबची वाट वेळेने जवळची ठरू शकते याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आपल्याकडचेच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. ती वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे नेहमीच्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त होती. पण पाठीशी वारा असल्याने विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले.

समोरचा वारा इंधनही खातो. बोईंग ७७७-३००ईआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर इंधन अधिक घ्यावे लागते, आणि ते जास्तीचे इंधन वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते. अशा रात्री आम्हाला काही माल मुंबईतच ठेवून विमान सोडावे लागे. प्रवाशांना याची कल्पना नसते, पण त्या निर्णयाची हुरहूर मी कित्येक रात्री अनुभवली आहे.

राहिला संकेतस्थळावरच्या चौदा तासांचा प्रश्न. ते बहुधा अंतराला ठरावीक वेगाने भागून काढलेले उत्तर असते. तिकिटावरचा वेळ वेगळा असतो. विमान उभ्या जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून ते पलीकडे पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो आणि त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी रांगेत बराच वेळ जातो; न्यूयॉर्कलाही गर्दीच्या वेळी अशीच रांग लागते. डॉक्टरांना सांगण्यासाठी आपण तिकिटावरचाच वेळ धरावा.

भूगोलशिक्षक

उड्डाणनियोजकांनी फार नेमके लिहिले आहे. पृथ्वीच्या फिरण्याबद्दल राहिलेले थोडक्यात लिहितो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तिच्या फिरण्याचा थेट फायदा मिळत असता, तर न्यूयॉर्क आपल्याकडे सरकत आल्यामुळे पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे होते. प्रत्यक्ष अनुभव नेमका उलट आहे. याचे कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे आहे. मात्र वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामागे पृथ्वीच्या फिरण्याचा हात नक्कीच आहे : विषुववृत्ताकडची तापलेली हवा ध्रुवाकडे सरकताना या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून हे पट्टे तयार होतात. हिवाळ्यात विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातील तफावत वाढते, म्हणून वारेही जोरदार होतात. त्या काळात याच वाऱ्यांचा एक पट्टा उत्तर भारतावर येतो आणि तिकडे हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ त्याच्याबरोबर येतात. आपल्या आईवडिलांचा परतीचा प्रवास फेब्रुवारीत आहे, म्हणजे पाठीशी चांगला वारा मिळण्याचा तो काळ आहे.

एडिसनकर

सांगलीकर, मी आपल्या ताईंच्याच गावात अठरा वर्षे राहतो आणि आईला सहा वेळा येथे आणले आहे, म्हणून व्यवहारातले सांगतो.

आपला सतरा तासांचा हिशेब एका तासाने चुकतो, कारण साडेदहा तासांचा फरक येथे फक्त हिवाळ्यात असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी येथील घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. मधल्या काळात फरक साडेनऊ तासांचा असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री दीड ते सकाळी आठ म्हणजे घड्याळाचे साडेसहा तास, त्यात साडेनऊ मिळवले की सोळा होतात. परतीला फेब्रुवारीत दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशीचा एक म्हणजे पंचवीस तास, त्यातून साडेदहा वजा केले की साडेचौदा उरतात. हीच चूक माझ्या हातून झाली आहे. आईचे विमान नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उतरणार होते. तिकिटावरची स्थानिक वेळ न पाहता मी भारतातल्या वेळेवरून साडेनऊ तास वजा करून निघालो आणि तासभर उशिरा पोहोचलो. आई चाकाच्या खुर्चीत, पदर डोक्यावरून घेऊन, दरवाज्याकडे टक लावून बसली होती. ते दृश्य आठवले की आजही मला वाईट वाटते. ताईंना सांगा की तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ ही येथलीच वेळ असते. तिच्यावर कोणतेही गणित करू नये.

आता थांब्याबद्दल. अंतराची काळजी करू नका. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर मिळून १२,७५० च्या आत येतात, म्हणजे दोऱ्यापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे एकूण सुमारे १२,९५० होतात. अंतर तेवढेच राहते, पण थांबा कुठे पडतो हे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. दुबई घेतली तर पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि दुसरा सुमारे चौदा तासांचा होतो, त्यामुळे सलग बसण्याचा त्रास फारसा कमी होत नाही. लंडन किंवा युरोपातील दुसरे शहर घेतले, तर प्रवास साधारण दहा आणि आठ तासांत विभागला जातो, ज्याचा आईंच्या गुडघ्यांना खरा उपयोग होईल. त्याच्या बदल्यात मोठ्या विमानतळावर विमान बदलण्याची धावपळ, पुन्हा सुरक्षा तपासणी आणि एकूण वीस तासांहून अधिक प्रवास हे सोसावे लागते. अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेची प्रवेश तपासणी तिथेच उरकते, ही सोय चांगली आहे, मात्र तिच्यासाठी हातात पुरेसा वेळ ठेवावा. माझ्या आईने पहिल्यांदा थांबा घेऊन आणि नंतर पाच वेळा थेट प्रवास केला. इंग्रजी न बोलणाऱ्या वयस्कर माणसाला मी थेट विमानच सुचवीन, फक्त जागा मधल्या वाटेच्या कडेची घ्यावी आणि दर दोन तासांनी उठून फेरी मारावी.

वडिलांच्या मधुमेहासाठी एक सवय मला फार उपयोगी वाटली. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ एडिसनला घरी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा आणि गोळ्यांच्या प्रत्येक पुडीवर मराठीत मोठ्या अक्षरांत भारतीय वेळ लिहा. जाताना त्यांचा दिवस घड्याळाच्या हिशेबाने साडेतेहतीस तासांचा होणार आहे, तेव्हा "सकाळची" आणि "रात्रीची" गोळी या शब्दांना त्या दिवशी अर्थ राहत नाही. इन्शुलिन चालू असेल तर किती तासांनी किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे.

सांगलीकर

सर्वांचे आभार. आज डॉक्टरांना सोळा आणि साडेचौदा हे आकडे सांगितले. त्यांनी दोघांनाही पायांत घालायचे घट्ट मोजे लिहून दिले आणि वडिलांच्या गोळ्या भारतीय वेळेनुसार तासांच्या अंतराने मांडून दिल्या. आईने थेट विमानच हवे असे सांगितले आहे. एकच शंका उरली : केनेडीऐवजी नेवार्कला उतरल्यास वेळेत काही फरक पडेल का?

एडिसनकर

हवेत काहीच नाही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत तेहतीस-चौतीस किलोमीटरवर आहेत, त्यामुळे मुंबईपासूनचे अंतर जवळजवळ तेच राहते. जमिनीवर मात्र मोठा फरक पडतो. एडिसनहून नेवार्क केनेडीच्या निम्म्या अंतरावर आहे आणि वाटेत न्यूयॉर्क शहराची गर्दी लागत नाही. सोळा तासांनी उतरलेल्या माणसाला त्या वाचलेल्या तासाची किंमत फार असते, म्हणून थेट विमान मिळत असेल तर नेवार्कच घ्या.